जिनमधली ओली फरशी

१

मी वजनमापं तपासणारा माणूस. दुकानातले तराजू, पेट्रोलपंपाची मापं, दूधवाल्याची भांडी. कुठे मापात पाप आहे ते शोधायचं, नसेल तर शिक्का मारायचा आणि पुढच्या दुकानात जायचं. बावीस वर्षं हेच केलं. स्वभावानेही मी नाकासमोर चालणारा. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं मी कल्पनेत रमणारा असेन. तसा मी कधीच नव्हतो.

माझी बायको बेकरीत भट्टीवर होती. तिथे भिंतीवर घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. ती पलीकडच्या खोलीत पीठ मळता मळता मान वर करायची आणि म्हणायची, “काढा रे, झाले पाव.” आणि ते झालेले असायचे.

हिवाळ्यात तिला आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. कामावर परतली त्या पहिल्याच दिवशी भट्टीपासून तीन पावलांवर उभी असताना दोन ट्रे पाव जळून कोळसा झाले. धुराने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिला कळलं. मालक एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला पाव पिशव्यांत भरायला बसवलं. ओरडला असता तर तिला कमी लागलं असतं.

नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, “आतून सगळं ठीक आहे. नाकाला पुन्हा शिकवावं लागेल. तीव्र वासाच्या वस्तू घ्या, रोज हुंगा. वास येवो न येवो, हुंगत राहा.”

“किती दिवस?” मी विचारलं.

“येईपर्यंत,” त्या म्हणाल्या.

२

बाटल्यांची कल्पना माझी.

आमच्या घरात दारू म्हणजे पाहुण्याने आणलेली आणि वर्षभर कपाटात पडून राहिलेली एखादी बाटली. पण कामानिमित्त एका दारूच्या दुकानात मापं तपासत होतो, तेव्हा दुकानदार बोलता बोलता सांगू लागला. जिनमध्ये जुनिपरची फळं असतात, धणे असतात, लिंबाची साल असते. व्हर्मूथ म्हणजे झाडपाल्यात मुरवलेली वाइन. तिच्यात दवण्याच्या कुळातली एक कडू वनस्पती असतेच, वर दालचिनी, लवंग आणि आणखी काय काय. एका लिकरमध्ये, म्हणजे मुरवलेल्या गोडसर दारूत, संत्र्याची साल, एकीत कच्चे अक्रोड, एकीत बडीशेप. मी मनात म्हटलं, लवंगेची डबी हुंगण्यापेक्षा हे बरं. एका बाटलीत वीस वास.

घरी दोन बाटल्या घेऊन गेलो तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली. “लोकांचं नाक गेलं तर ते औषध आणतात. आमच्याकडे दारू आली.”

मग शनिवार ठरला. संध्याकाळी सहाला स्वयंपाकघराच्या टेबलावर बाटल्या ओळीने मांडायच्या. ती केस धुऊन, ओलेच पाठीवर सोडून बसायची. एकेक बूच नाकाशी धरून वीस सेकंद हुंगायची. नंतर मी एक पेला करायचो, दोघांत एक. ग्लासात बर्फ, तीस मिलिलिटर जिन, तेवढीच गोड व्हर्मूथ, तेवढीच लाल रंगाची एक कडवट लिकर. लांब चमच्याने ढवळायचं, वरून संत्र्याच्या सालीचा तुकडा पिळायचा. मापाचा माणूस असल्यामुळे मला हे फार लवकर जमलं. मला तर गोडीच लागली. हळूहळू आमच्याकडे नऊ बाटल्या झाल्या.

“कसं झालंय?” मी विचारायचो.

“गार. कडू. मग गोड,” ती म्हणायची. “बाकी भिंत.”

दहा शनिवार असेच गेले.

३

अकराव्या शनिवारी जिनचं बूच नाकाशी धरून ती थांबली. वीस सेकंद झाले तरी तिने ते खाली ठेवलं नाही.

“वास येतोय,” ती म्हणाली.

माझ्या हातातला बर्फ टेबलावर सांडला. “कसला? लिंबाचा? धण्यांचा?”

“नाही.” तिने डोळे मिटले. “ओली फरशी. आत्ताच कुणीतरी पुसून गेल्यासारखी.”

मी मोठ्याने हसलो. “दुकानदाराला सांगू नकोस हां, बिचारा रडेल.”

तीही हसली आणि हसता हसता रडायला लागली. शंभर दिवसांनी तिला काहीतरी वास आला होता. फरशीचा का असेना. तिने गोड व्हर्मूथचं बूच उचललं. “कपडे. घरात वाळत घातलेले, नीट न वाळलेले.” बडीशेपेच्या बाटलीत तिला गंजलेलं लोखंड सापडलं. अक्रोडाच्या लिकरमध्ये जुना कापूस, गादीतला.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांना काही नवल वाटलं नाही. “असं होतं. वास परत येताना तारा चुकीच्या जुळतात. कुणाला कॉफीचा वास रबरासारखा येतो. जुळतील हळूहळू.”

मला ते पटलं. तरी सवय जाते कुठे? पुढच्या शनिवारी मी तिच्या डोळ्यांवर पंचा बांधला, नऊ सारख्या पेल्यांत नऊ दारू ओतल्या आणि त्यांची जागा बदलत तीनदा तिची परीक्षा घेतली. तिन्ही वेळा जिनला ओली फरशी, व्हर्मूथला कपडे, बडीशेपेला लोखंड. एकदाही चूक नाही. तराजू असता तर मी डोळे मिटून शिक्का मारला असता.

४

जे बिघडलं ते दोन दारू एकत्र केल्यावर.

जिन आणि व्हर्मूथ एका पेल्यात ढवळून मी तिच्यापुढे ठेवली. तिने वास घेतला आणि मान जराशी डावीकडे वळवली.

“फरशी खाली आहे,” ती म्हणाली. “कपडे डावीकडे. चार पावलांवर असतील.”

“वासाला डावं-उजवं असतं का?”

“मला काय माहीत? मला येतोय तसं सांगतेय.”

मी व्हर्मूथ दहा मिलिलिटर वाढवली. तिने पुन्हा हुंगलं. “कपडे जवळ आले.” आणखी दहा. “आता हात लांब केला तर लागतील.” आणि तिने खरोखर हात लांब केला, आमच्या फ्रिजच्या दिशेने, आणि बोटं अशी चोळली की जणू कापडाची ओल बघतेय.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी काय केलं ते सांगतो. तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे मी नकाशा काढायला घेतला.

महिनाभर आम्ही तेच केलं. मी मापं बदलायचो, ती अंतरं सांगायची. गंजलेलं लोखंड समोर, कमरेइतक्या उंचीवर, आडवं. कापूस त्याच्यावर. “पलंग आहे,” ती एकदा सहज म्हणाली. लाल कडवट लिकर म्हणजे उजवीकडचा चुना, भिंतीचा. संत्र्याची लिकर म्हणजे केसांचं तेल, पण ते कुठे आहे हे तिला सांगता येईना. खिडकीचा वास नव्हता. मी तिला विचारलं, बाहेरची हवा कुठून येते? ती म्हणाली, येत नाही. चार मीटर बाय पाच मीटरची एक खोली कागदावर तयार झाली. मापात कुठेही खोट नव्हती आणि खरं सांगायचं तर मला आनंद होत होता.

धाकट्या मेहुणीला मी फोनवर विचारलं. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, डोक्याने अगदी सरळ. “लहानपणी तुम्ही कुठे अशा खोलीत राहिला होतात का? दवाखान्यात वगैरे?”

“नाही हो भावोजी. ताई तर कधी दवाखान्यात राहिलीच नाही.” मग तिने विचारलं, “तुम्ही तिला किती पाजताय?”

“दोघांत एक पेला.”

“मग कमी करा,” ती म्हणाली. “तुम्ही दोघंही.”

५

त्या शनिवारी मी नऊही दारू थोड्या थोड्या घेतल्या. केसांच्या तेलाची जागा तेवढी राहिली होती. संत्र्याची लिकर मी थेंबाथेंबाने वाढवत होतो.

तिने पेला दोन्ही हातांत धरला होता. संध्याकाळचं ऊन ओट्यावर पडलेलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“तेल उशीला आहे,” ती म्हणाली.

“छान.” मी पेन्सिलीने खूण केली. “म्हणजे पलंगाच्या डाव्या टोकाला.”

“हळू बोल.”

मी वर बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. नाकपुड्या हलत होत्या, सशाच्या हलतात तशा.

“का?”

“उशी कोमट आहे,” ती कुजबुजली. “झोपून उठलेल्या माणसाच्या उशीला येतो ना, तो वास. आणि तो...” तिने मान थोडी पुढे नेली. मग अगदी शांतपणे म्हणाली, “अरे, उठलेला नाही. त्याने कूस बदलली.”

मी तिच्या हातातून पेला काढून घेतला.

६

“बंद करू या हे,” मी म्हटलं.

“माझ्याकडे दुसरं काय आहे?” ती म्हणाली. चिडून नाही. “चहाला वास नाही. तुला वास नाही. काल पावांच्या पिशव्या भरत होते, हजार पाव, गरम, आणि मला काहीच नाही. तिथे निदान वास आहे.”

“तिथे कुणीतरी आहे म्हणतेस.”

“असेल. मला काही केलंय का त्याने?”

“डॉक्टर म्हणाल्या, तारा चुकीच्या जुळल्यात. तिथे म्हणजे कुठे? काही तिथे नाहीये.”

“मग घाबरतोस कशाला?”

मी तिच्यावर ओरडलो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी दोनदा ओरडलोय, त्यातलं हे दुसरं.

पुढचे दोन शनिवार मी बाटल्या काढल्या नाहीत. पण सहा वाजले की ती केस धुऊन टेबलाशी येऊन बसायची आणि सातला उठायची. दुसऱ्या शनिवारनंतर तिसऱ्या दिवशी, मंगळवार होता, मी दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा कपाटातल्या बाटल्यांची जागा बदललेली दिसली. मी पातळ्या बघितल्या. एकही कमी झाली नव्हती. ती पीत नव्हती. नुसती बुचं उघडून बसत होती. किती वेळ, कोण जाणे.

७

ती कामावर होती तेव्हा मी ठरवलं. नऊही बाटल्या सिंकपाशी नेल्या आणि एकामागून एक ओतायला लागलो. जिन, व्हर्मूथ, लाल कडवट, संत्रं, अक्रोड. बडीशेपेची पाण्यात पडल्याबरोबर सगळं दुधासारखं पांढरं झालं. जाळीत संत्र्याची साल अडकली होती, म्हणून ते पटकन उतरेना. सिंक अर्धं भरलं. तो ढगाळ पांढरा द्रव हळूहळू गोल फिरत होता आणि मी नळ सोडून त्याच्याकडे बघत उभा होतो.

मला वास येत होता तो दारूचा. फक्त दारूचा. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

“सगळं एकत्र ओतलंस?”

ती दारात उभी होती. अंगावर बेकरीचा पांढरा एप्रन तसाच. कामावरून इतक्या लवकर ती कशी आली, हे मी नंतर बेकरीत जाऊन विचारलं. मालक म्हणाला, पिशव्या भरता भरता मान वर केली आणि “झालं” म्हणून निघून आली.

“टाकून देतोय,” मी म्हटलं. “संपलं हे.”

“मापाशिवाय ओतलंस,” ती म्हणाली. तिने सिंककडे बघितलंही नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे, ओट्यावरच्या भिंतीकडे बघत होती. “तू कधी मापाशिवाय ओतत नाहीस.”

तिने श्वास आत घेतला. लांब. इतका लांब श्वास मी कुणाला घेताना बघितलेला नाही. घेतच राहिली. मी तिचे दंड धरले, हाक मारली, हलवलं. तिची छाती भरत गेली, भरत गेली आणि सिंकमधलं पाणी गुडगुड करून एकदम उतरलं.

मग तिने श्वास सोडला असेल. माणूस श्वास सोडतोच. पण मी तिला धरून उभा होतो, तोंडासमोर तोंड, आणि माझ्या चेहऱ्यावर तो लागला नाही.

८

त्यानंतर ती बोलते, पण लांबून.

हे समजावून सांगणं अवघड आहे. मी तिच्यासमोर बसून विचारतो, “जेवतेस का?” ती थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग हात तोंडाशी न नेताही, लांबच्या खोलीतून ओरडून बोलावं तसं म्हणते, “काय? ऐकू येत नाही, जोरात बोल!” मी जोरात विचारतो. पुन्हा थोडा वेळ. “हो, जेवते!” आणि जेवते. जे वाढेन ते.

तिची नोकरी सुटली. मेहुणी रजा काढून आठ दिवस येऊन राहिली. तिने ताईला डॉक्टरांकडे नेलं, डोक्याचे फोटो काढले, कानाच्या तपासण्या केल्या. सगळं उत्तम. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मनाचा धक्का असेल. वेळ द्या.” पण त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी मेहुणी भाजी निवडत बसली होती. मान खाली घालून म्हणाली, “भावोजी, एक सांगू? मी मोजलं. सोमवारी मी काही विचारलं की ताई तीन सेकंदांनी उत्तर द्यायची. आज सात लागतात.”

मीही मोजत होतो.

मी काय केलं नाही? त्याच दुकानातून त्याच नऊ बाटल्या पुन्हा आणल्या. प्रत्येकीत तेव्हा उरलेली दारू आठवली तेवढीच मोजून घेऊन, सिंकमध्ये ओतून, तोंड खाली घालून श्वास घेतला. डोकं गरगरेपर्यंत घेतला. वास दारूचाच. नकाशा भिंतीला लावला आणि आमच्या स्वयंपाकघरात चार बाय पाचची खोली खडूने आखली. पलंगाच्या जागी जाऊन उभा राहिलो. तिथे आमचे धान्याचे डबे. एके दुपारी मी त्या खडूच्या रेघेत बसून तिच्या नावाने हाका मारल्या. सतरा सेकंदांनी बैठकीतून तिचा आवाज आला. “ओरडू नकोस ना. त्याला झोप लागलीय.”

९

गेल्या महिन्यात आमच्याकडे जे झालं ते एवढंच.

रविवार होता, सकाळचे दहा. तिचे केस मी धुतो आणि मीच विंचरतो. तिला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं होतं. मी मागे उभा राहून गुंता सोडवत होतो. ऊन स्वच्छ होतं. शेजारी कुणीतरी गादी झटकत होतं. मी बट उचलायला खाली वाकलो आणि तिच्या केसांतून मला ओल्या फरशीचा वास आला.

आधी वाटलं साबण असेल. मग डावीकडून कुबट कपडे आले, चार पावलांवरून. समोरून गंजलेलं लोखंड, कमरेइतकं उंच. तिने सांगितलेलं सगळं जिथल्या तिथे होतं, माझ्या नकाशाबरहुकूम. माझे डोळे उघडे होते. खिडकी समोर होती, ऊन होतं, पण उजेड कागदासारखा पातळ झाला होता आणि त्याच्यामागे चुन्याची भिंत दिसत होती. मला पलंगाचा पाय दिसला. त्याच्याशेजारी फरशीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे होते. ते आत गेलेले होते. एका ठिकाणी ते थांबले होते, पलंगाला लागून, आणि तिथे पावलं माझ्याकडे वळलेली होती.

स्टुलावर ती माझ्या हाताखाली तशीच बसलेली, तोंड मिटून. आणि तिचा आवाज पलीकडून आला, अगदी जवळून. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ओरडून नाही. घरात आपण बोलतो तसा.

“तू आलास?”

पलंगावरून दुसरं एक पाऊल खाली आलं. ते तिचं नव्हतं. ओल्या फरशीवर ते टेकलं तेव्हा छोटासा चिकट आवाज झाला.

एक श्वास आणखी घेतला असता तर मी तिच्याजवळ असतो. हे मला ठाऊक होतं, जसा हाताला अर्ध्या किलोचा अंदाज ठाऊक असतो तसं. तिने हात पुढे केला असेल. मला नीट दिसलं नाही, कारण मी दोन्ही हातांनी नाक दाबून मागे सरलो होतो. कंगवा खाली पडला. खिडकीत ऊन परत आलं. शेजारी गादी झटकणं चालूच होतं.

“आहे ना मी,” मी म्हणालो. “इथे आहे. ऐक ना, मी इथेच आहे.”

सतरा सेकंद थांबलो. मग एक मिनिट. मग दुपार झाली.

तेव्हापासून ती बोललेली नाही. वाढलं तर जेवते, बसवलं तर बसते. मेहुणी दर आठवड्याला फोन करते आणि मी सांगतो की ठीक आहे. रविवारी सकाळी तिचे केस धुतो, खिडकीपाशी बसवतो, गुंता सोडवतो आणि घट्ट वेणी घालतो. घालताना तोंडाने श्वास घेतो.